हौसेला मोल, जुन्याला मोड

नगरच्या घरातून शनिवारी सकाळी पाठीवर सॅक टाकून निघालेल्या मुलीला 'कुठं चाललीस?' असं कुणी विचारत नाही. 'कुठल्या देवाला?' असं विचारतात. विचारणाऱ्यांची तरी काय चूक? आमचा जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात पहिला, १७ हजार चौरस किलोमीटरांचा, तालुके १४, आणि कुठल्याही दिशेला तोंड करून निघालं तरी वाटेत एक देव, एक प्रसादाचं दुकान आणि एक साखर कारखाना लागतोच. वर शिर्डीचे साईबाबा, मध्ये शिंगणापूरचा शनी, खाली भीमेकाठी सिद्धटेकचा गणपती, उगवतीला मोहटादेवी आणि मढीचे कानिफनाथ. रविवार उजाडला की आगडगावच्या भैरवनाथाकडं आमटी-भाकरीचा प्रसाद. त्यामुळं 'नुसतंच फिरायला' हे कारण आमच्याकडं कारण म्हणून धरत नाहीत. त्याला भटकणं म्हणतात, आणि भटकायचं वय आमच्या घरात मुलींना येतच नाही. त्या आधी लहान असतात आणि मग एकदम लग्नाच्या होतात.

मी सोमवार ते शुक्रवार एका कार्यालयात दुसऱ्यांच्या पैशांचे हिशोब जुळवते आणि उरलेल्या वेळात तीन हौशी सांभाळते. सुट्टीला बाहेर पडणं, जुन्या वस्तू शोधणं आणि मैत्रिणींशी पोस्टकार्डावर पत्रव्यवहार करणं. घरच्यांच्या मते पहिल्या हौसेत पाय जातात, दुसरीत पैसे आणि तिसरीत अब्रू.

पाय जाण्याची सोय मात्र सरकारनंच करून दिली आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि तेव्हापासून नगरच्या स्टँडवर बायका जास्त आणि पुरुष कमी दिसू लागले. एसटीचा मान आमच्या गावाला तसा पहिल्यापासूनचा. महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली ती पुणे ते नगर. ती कुठल्या स्टँडवर लागते हे तेव्हाच्या प्रवाशांना नक्की ठाऊक असणार, कारण आताच्यांना नसतं. माळीवाडा, तारकपूर आणि पुणे स्टँड अशी तीन स्टँडं गावात आहेत आणि आपली गाडी नेहमी उरलेल्या दोनांपैकी एकावरून सुटते.

अर्ध्या तिकिटाचा एक तोटा कुणी लक्षात घेतला नव्हता. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत तिकीटच नाही. म्हणजे माझं अर्धं आणि आजीचं फुकट. फुकट जाणारी गाडी रिकामी सोडणं आजीच्या तत्त्वात बसत नाही. परिणामी, ज्या सहलीला मी 'स्वतःसोबत थोडा वेळ' म्हणून निघते, तिच्यात खिडकीच्या जागेवर आजी बसलेली असते. तिच्या मांडीवर दशम्यांचं फडकं असतं आणि पुढच्या-मागच्या चार बाकांवरच्या बायकांना माझं वय, शिक्षण आणि पगार ठाऊक झालेला असतो.

'कुठल्या देवाला?' या प्रश्नावर मी सुरुवातीला चिडायची. पुढं लक्षात आलं की या जिल्ह्यात तो प्रश्न बिनतोड आहे. कळसूबाईचं शिखर चढायला निघाले, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण, निव्वळ गिर्यारोहण म्हणून. लोखंडी शिड्या चढून घामाघूम होऊन माथ्यावर पोचले, तर समोर देवीचं देऊळ. हरिश्चंद्रगडावर कोकणकडा बघायला गेले, तर वाटेत हरिश्चंद्रेश्वर आणि केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात पिंड. रंधा धबधब्याशी घोरपडादेवी, रतनवाडीला अमृतेश्वर. दर वेळी घरी आल्यावर आजी विचारते, "मग, दर्शन झालं का?" आणि दर वेळी ते झालेलं असतं. माझ्या नास्तिक मैत्रिणीचं तर माझ्यापेक्षा जास्त झालं आहे. तिला फोटो काढायला गाभाऱ्यापर्यंत जावं लागतं.

मेच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत भंडारदऱ्याला काजवे बघायला अख्खं पुणे, मुंबई आणि नाशिक लोटतं. आजीनं तो कार्यक्रम बघितला आणि मी तिला शास्त्र समजावलं की नर काजवे उजेड पाडून माद्यांना खुणावतात, मादी पसंत पडला तर उत्तर देते. आजी म्हणाली, "म्हणजे वधू-वर मेळावाच की. आणि तू इथं येऊन किड्यांची लग्नं बघतेस." त्यानंतर गाड्यांचे हेडलाइट लावून, मोबाईलचे टॉर्च पाडून काजवे शोधणाऱ्या मंडळींना तिनं असं फैलावर घेतलं की वनखात्याच्या फलकांना जमलं नसतं. "बोलणी चाललीत त्यांची, तोंडावर बॅटऱ्या काय मारता?" प्रकाशानं काजव्यांचा माग चुकतो हे तज्ज्ञ सांगतातच, पण त्यांना आजीसारखं सांगता येत नाही.

निघोजच्या कुकडी नदीतले रांजणखळगे बघूनही तिचा अभिप्राय तयार होता. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे वर्षानुवर्षं गरगर फिरून कातळात रांजण कोरतात हे मी सांगत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं, पात्रावर नजर फिरवली आणि म्हणाली, "एवढे रांजण, अन् एकालाही झाकण नाही." मळगंगेचं दर्शन अर्थातच झालं.

देव नसलेलं ठिकाण म्हणून मी एकदा मुद्दाम सगळ्यांना रणगाड्यांच्या संग्रहालयात नेलं. नगर हे लष्कराच्या चिलखती दलाचं केंद्र, तिथलं हे संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झालं. पहिल्या महायुद्धापासूनचे देशोदेशीचे रणगाडे अंगणात ओळीनं उभे, आणि पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटनही. पप्पांनी प्रत्येकापाशी थांबून लिटरला किती देत असेल याचा अंदाज बांधला. याच लष्करी छावणीच्या नगरात १९१८ मध्ये स्पाइक मिलिगन जन्मला, पुढं इंग्लंडला पोट धरून हसवणारा. आमच्या गावानं जगाला एवढा मोठा विनोदवीर दिला आणि गावात कुणाला सांगितलं नाही. आमचा विनोदही असाच असतो, तोंड अजिबात न हलवता केलेला.

चांदबिबीच्या महालाची तर गंमतच आहे. पाथर्डीच्या वाटेवर डोंगरावर ती तीन मजली अष्टकोनी इमारत दिमाखात उभी आहे, साऱ्या गावात तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, आणि तो महाल नाही, चांदबिबीचाही नाही. ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर. बिचाऱ्यानं डोंगर निवडला, घुमट उभारला, आणि नाव गेलं ते किल्ला लढवणाऱ्या बाईला. नगरमध्ये बायकांच्या नावावर झालेली एवढी मोठी स्थावर मालमत्ता ही एकच असावी.

दुसरी हौस जुन्या वस्तूंची. ती कशी लागली ते सांगता येत नाही, पण ती का परवडत नाही ते नीट सांगता येतं. माझ्या जन्माच्या आसपास आमच्या घरातलं सगळं पितळ आणि तांबं मोडीत गेलं. घंगाळ, पाण्याचा बंब, सतेलं, फिरकीचा तांब्या, पानाचा डबा आणि त्यातला अडकित्ता. मोडीचा भाव किलोवर. त्या पैशात चकचकीत स्टीलचे डबे आले आणि आईनं सुटकेचा श्वास टाकला. जरीच्या साड्या बोहारणीला गेल्या. तिच्याकडून एका जुन्या इरकलीच्या बदल्यात मिळालेली स्टीलची परात अजून घरात आहे. ती कुणाला दाखवण्यासारखी नाही आणि इरकल आता दाखवायला नाही.

तर तेच घंगाळ, तोच बंब मी आता विकत आणते. भंगाराच्या दुकानात, वाडा पाडून अपार्टमेंट होत असलेल्या ठिकाणी, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी. ज्या वस्तूनं घर किलोच्या भावानं सोडलं ती परत येताना नगाच्या भावानं येते. तीस वर्षांत पितळाचं काहीही बदललेलं नसतं. ते मध्ये एकदा दुकानदाराच्या फळीवर बसून आलेलं असतं, एवढंच. मी दुकानात शिरले की दुकानदार आधी माझ्या चपला बघतो. चपला कोल्हापुरी दिसल्या की वस्तू शंभर वर्षांची होते. कानात चांदीची झुबकी दिसली की ती एखाद्या सरदाराच्या वाड्यातली निघते. म्हणून हल्ली घासाघीस करायला मी आजीला पुढं करते. ती भांडं उलटं करते, बुडावर टिचकी मारते आणि विचारते, "गळतं का?" सरदाराच्या वाड्याचा निम्मा भाव त्या एका प्रश्नात उतरतो.

यातही घरचे लोक मला साथ देतात, पण त्यांच्या पद्धतीनं. काळवंडलेलं एक सुंदर पितळी पातेलं मी आणलं. त्याच्या अंगावर काळाचा तो गडद, मऊ थर चढलेला होता, ज्यासाठी शौकीन लोक जास्तीचे पैसे मोजतात. रविवारी दुपारी झोपून उठते तो आजीनं चिंच आणि राखेनं घासून ते लखलखीत केलेलं. शंभर वर्षांचा इतिहास मोरीतून वाहून गेला होता आणि आजी धन्य चेहऱ्यानं म्हणत होती, "बघ, कसं नव्यासारखं झालं." मी त्यात मनीप्लँट लावणार होते. तिनं कल्हईवाला शोधून काढला. हल्ली हेही काम सोपं नाही. पूर्वी दारावर येऊन भाता फुंकणारा माणूस आता दुर्मिळ वस्तूंतच धरावा लागतो. त्यानं पातेलं तापवलं, नवसागर टाकून कथील फिरवलं, कापडाचा एक बोळा आतून गर्रकन फिरला आणि पातेलं चांदीचं झालं. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट शिजवलं तर ते कळकतं, म्हणून हा सोपस्कार. संध्याकाळी त्या पातेल्यात आमटी झाली. मनीप्लँट अजून प्लास्टिकच्या बाटलीत आहे.

या बाबतीत दिनकर केळकरांचं घर कसं निभावलं असेल, याचा मी नेहमी विचार करते. पुण्याच्या या गृहस्थांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती अशा वीस हजारांवर वस्तू जमवल्या, दिवंगत मुलाच्या नावानं राजा केळकर संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये ते सरकारच्या हवाली केलं. त्यांच्या घरी माझी आजी असती, तर त्या साऱ्या दिव्यांत तेल-वात झाली असती आणि अडकित्त्यांवर सुपारी.

तिसरी हौस अब्रू घेणारी. माझ्या मैत्रिणी नोकरीनिमित्त पांगल्या. एक पुण्यात, एक हैदराबादला, एक बंगळूरला, एक थेट जर्मनीत. फोनवर रोज बोलतोच, पण बोललेलं उरत नाही म्हणून आम्ही ठरवलं की जिथं जाऊ तिथून एकमेकींना कार्ड टाकायचं. पोस्टकार्ड ऑस्ट्रियात १८६९ मध्ये निघालं आणि आपल्याकडं १८७९ मध्ये, पाव आण्याला. आज ते ५० पैशांना मिळतं. एवढ्या पैशांत देशात दुसरं काही मिळत असेल तर मला कळवा, कार्डावर. ५० पैशांचं नाणं हल्ली कुणी घेत नाही, म्हणून कार्डं जोडीनं घ्यावी लागतात. एका कार्डामागं टपाल खात्याला किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो, तरी ते चालू ठेवलं आहे. आमच्या मैत्रीला सरकारी अनुदान आहे ते असं.

अडचण एवढीच की कार्ड उघडं असतं. ते पोस्टमनकाकांनी वाचलेलं असतं, जिन्यात भेटलेल्या काकूंनी वाचलेलं असतं आणि माझ्या हाती पडेपर्यंत त्यावर चर्चा होऊन गेलेली असते. "हंपीला ऊन फार आहे म्हणतात," काका गेटातूनच सांगतात. काकूंना वेगळी चिंता, "तिनं 'आम्ही' लिहिलंय. आम्ही म्हणजे अजून कोण गं?" पप्पांचा प्रश्न कायम एकच, "तिचं व्हॉट्सॲप बंद पडलं का?"

आणि आजी. बंगळूरच्या मैत्रिणीनं एकदा हौसेनं कार्डाचे चारही कोपरे कात्रीनं गोल कापून पाठवले. आमच्याकडं जुन्या रीतीप्रमाणं कुणी वारल्याची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडायचे. असं कार्ड उंबऱ्याच्या आत ठेवत नसत, वाचून लगेच फाडून टाकत. एक कोपरा गेला तर एक माणूस गेलं, हे आजीचं गणित. तिनं चारही कोपरे बघितले आणि खालीच बसली. "सगळं घरच गेलं का गं तिचं?" मजकूर होता, 'इथं फिल्टर कॉफी झकास मिळते.'

मजकुराबद्दलही तिला आक्षेप आहेत. वर 'श्री' नाही, तारीख नाही, वडीलधाऱ्यांस नमस्कार नाही, धाकट्यांस आशीर्वाद नाहीत, पाऊसपाण्याची हकिगत नाही. जर्मनीहून आलेल्या चित्रकार्डावर तर एकच ओळ होती, 'सूर्यास्त बघताना तुझी आठवण आली.' आजी म्हणाली, "बुडत्या सूर्याला आठवण काढतात का कुणाची? उगवत्याला काढावी."

पत्ता मात्र मैत्रिणी हवा तसा लिहितात. कुणी अहमदनगर, कुणी २०२४ च्या निर्णयाप्रमाणं अहिल्यानगर, कुणी आम्ही म्हणतो तसं नुसतं नगर. तिन्ही पोचतात, कारण खाली ४१४००१ असतं. पिनकोडाची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी, शिवाय संस्कृतातले कवी. सहा आकड्यांत अख्खा देश बसवणं त्यांना जमलं याचं मला नवल वाटत नाही. वृत्तात लिहिणाऱ्याला मात्रा मोजायची सवय असते.

नगरातून लिहिलेली सर्वांत प्रसिद्ध पत्रं मात्र कधी टपालात पडलीच नाहीत. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी काँग्रेसचे बारा पुढारी आमच्या किल्ल्यात आणून ठेवले. नेहरूंनी तिथं बाग फुलवली आणि १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. मौलाना आझादांनी मित्राला उर्दूत पत्रं लिहिली. चहा कसा प्यावा, कोठडीतल्या चिमण्यांशी दोस्ती कशी झाली, असं सगळं त्यात. पाठवायची परवानगी नव्हती, म्हणून लिहायची आणि ठेवून द्यायची. पुढं १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' म्हणून त्यांचं पुस्तक झालं. आमच्या मैत्रिणींचीही बरीच कार्डं लिहून पर्समध्येच राहतात, पण त्यांचं पुस्तक होईल असं वाटत नाही.

मग एकदा बंगळूरच्या त्या कार्डाला आजीनं उत्तर स्वतः सांगितलं आणि मी लिहून घेतलं. 'श्री. चि. सौभाग्यकांक्षिणी हीस अनेक आशीर्वाद. तुझे कार्ड पावले. कोपरे कापू नयेत. कॉफी बेताने घ्यावी, पित्त होते. इकडे पाऊस अजून नाही, अकोल्याकडे म्हणे झोडपतो आहे आणि जामखेडला टँकर. नवे पातेले छान झाले. येशील तेव्हा आमटी करीन. कळावे.' बंगळूरच्या त्या मुलीनं हे कार्ड फ्रेम करून भिंतीवर लावलं. मी तिला धाडलेली रंगीत, वेलबुट्टीची सगळी कार्डं तिच्या ड्रॉवरमध्ये आहेत.

तेव्हा मला माझ्या हौशींचा हिशोब लागला. नाहीतरी हिशोब हेच माझं काम. पितळ घासणं हे आजीचं रोजचं काम होतं. थंडीत, राखेनं, हाताला भेगा पडेपर्यंत. कार्ड आलं की छातीत धस्स व्हायचं, कारण सुखाची बातमी सावकाश येई आणि दुःखाची आधी. आणि सुट्टीचं फिरणं म्हणाल तर पंचमीला आणि दिवाळीला माहेर, तेही सासूनं होकार दिला तर, कडेवर एक आणि हाताला एक घेऊन. माझी हौस म्हणजे हेच सगळं, त्यातून कष्ट वजा केलेले. वजाबाकी वाईट नाही, ती व्हायलाच हवी होती. फक्त कष्टाबरोबर उपयोगही वजा झाला की उरते ती शोभा, आणि शोभेला आमच्या घरात जागा नाही. म्हणून माझ्या सहलीत देव घुसतो, पातेल्यात आमटी शिजते आणि कार्डावर पित्ताचा सल्ला येतो. या तिन्ही गोष्टी मी आता बिनतक्रार चालू देते.

तेव्हा माळ्यावर घंगाळ असेल तर मोडीत देण्यापूर्वी घरातल्या मुलीला विचारा. मोडीच्या भावाहून दोन रुपये ती जास्तच देईल. पुढच्या सुट्टीला कुठंही जा, अर्ध्या तिकिटात जा, पण जाताना घरातलं एखादं फुकट तिकीटही बरोबर न्या. पोस्टात गेलात तर कार्डं दोन घ्या, एक तुमचं आणि एक घरातल्या म्हातारीचं. मजकूर सुचला नाही तर पाऊसपाणी लिहा, पण पिनकोड विसरू नका.